सुषमाचा तळवा

रानशेत, ता. डहाणू
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
श्यामकांतचा नमस्कार. इकडे ठीक. वाल फुलावर आलाय. भाऊजींचा खोकला थांबला का? चिठ्ठी रिक्षावाल्या सुनिलच्या हाती पाठवतोय. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही.

दवाखाना जवळ पडतो म्हणून नरपडला तुमच्याकडे आले, असं सुषमा तुला म्हणाली असेल. खरं आहे, पण पूर्ण नाही.

दिवाळीनंतर दवाखान्यात तिच्या साखरेच्या आजाराचा वर्ग सुरू झाला. नवरा-बायको दोघांनी यायचं. भाकरी किती, भात किती, मी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या बुधवारी सिस्टर म्हणाल्या, "साखरेने तळपायाला लागलेलं कळत नाही. नवऱ्याने रोज पाय मांडीवर घेऊन बघायचा."

मी उठून चहाला गेलो. ज्या हातांनी देवीला फूल वाहतो, ते बायकोच्या पायाला लावायचे? आपल्या बाबांनी कधी लावले होते?

परत आलो तर माझ्या जागी चिमण बसलेला आणि सुषमाचा पाय त्याच्या हातात. आपला शेजारी चिमण. त्याची संगिताही त्याच वर्गात, बाजूलाच बसलेली. "वहिनी, रानातले सगळे काटे तुम्हीच गोळा करता काय?" तो म्हणाला. सुषमा खळखळून हसली. ताई, चोवीस वर्षांत माझ्यासमोर ती तशी हसलेली मला आठवत नाही.

वाटेत मी म्हटलं, "आता रोज त्यालाच दाखव."

"तुम्ही बघा, मग दुसऱ्याला कशाला दाखवू?"

पुढच्या बुधवारी ती निघाली नाही, मीही चल म्हटलं नाही. मला बरंच वाटलं. हे फक्त तुला आणि देवीला सांगतो.

चपलेचा खिळा लागलेला तिला कळलाच नाही. वास आला तेव्हा जखम दिसली. तेव्हाही माझ्या तोंडून निघालं, "चिमणने पाहिलं का?" तिने जखम स्वतःच धुवून बांधली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तुझ्याकडे आली. करंगळी राहील की काढावी लागेल, ते डॉक्टर बुधवारी सांगणार, असं तूच कळवलंस.

काल चिमणकडे गेलो. म्हटलं, पाय कसा बघायचा ते शिकव. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने स्वतःचाच पाय माझ्या मांडीवर ठेवला. "आधी बोटांच्या बेचक्यात बघ, श्यामभाऊ. टाच शेवटी." चांगला माणूस आहे. तरी राग जात नाही. ते हसू त्याला मिळालं.

मंगळवारी येतो. मला पाय दाखवशील का, एवढं तिला विचारून ठेव. नाही म्हणाली तर तुझ्या ओटीवर बसेन आणि बुधवारी दवाखान्यात तुमच्या मागून येईन.

भाऊजींना नमस्कार. सुषमालाही माझा नमस्कार सांग. आशीर्वाद लिहिला होता, तो खोडला.

तुझा धाकटा,
श्यामकांत