प्रतीक्षाची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या वर्गातल्या प्रतीक्षानं वाळूजच्या कारखान्यानं टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्यांची खुर्ची केली. फेविकॉलचा थेंब नाही, नुसते आठ नट-बोल्ट. फळी मोडली तर तेवढीच बदलायची, खुर्ची फेकायची नाही. वर्षभर मी दुसरं काय शिकवतोय?

विभागप्रमुख तिच्यावर बसले तशी ती डुगडुगली. म्हणाले, "बोल्ट लई उघडे दिसतात. फेविकॉलनं चिकटव, वरून सनमायका मार. प्रदर्शनात ठेवायचीय."

प्रतीक्षानं पिशवीतून पाना काढला, एक बोल्ट आवळला. "आता बसा, सर."

बसले. खुर्ची हलली नाही. तरी जाताना मला हळूच म्हणाले, "मार्क जरा बेतानं द्या."

आमच्याकडं मार्क आधी पेन्सिलनं लिहायची रीत आहे, म्हणजे सरांना खोडता येतात. इतकी वर्षं मीही तसंच लिहिलं. घाबरत होतो का? असेन.

पण ते आठ बोल्ट डोळ्यांपुढून हलेनात. प्रतीक्षाच्या नावापुढं पन्नासपैकी सेहेचाळीस लिहिले, निळ्या पेनानं, दाबून.

आता खोडा म्हणावं!