शिकाऱ्याचा आवाज

४ जानेवारी

मी पुरुष झाले! नातीच्या ऑफिसात आज तसं ठरलं.

तिथे चित्रांच्या गोष्टी छापतात — उडणारी पोरगी, भिंतीतून आरपार जाणारा म्हातारा, असले प्रकार. नात त्यांत रंग भरते. आता त्याच गोष्टी ऐकायच्याही करणार आहेत. त्यात एक दुष्ट आहे, काळफास. भाडोत्री शिकारी. खांद्यावर जाळं, कमरेला सुरे. जो पैसे टाकेल त्याच्यासाठी उडणाऱ्या पोरीच्या मागे लागतो. त्याच्या आवाजासाठी नट आणला होता, तो पडसं झाल्यासारखा बोलला म्हणे. मग नातीने फोनवरचा माझा निरोप ऐकवला. नळवाल्याची बिनपाण्याने केली होती तो. दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "हा माणूस कोण? मला हाच हवा!"

"माणूस नाही हो. माझी आजी आहे."

मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही. ए, हसू नकोस, लिही.

११ जानेवारी

पहिला दिवस. खोलीला चहूबाजूंनी गाद्या चिकटवल्या आहेत, जशी मी वेडीच! काचेपलीकडे दिग्दर्शक आणि गोष्टीचा लेखक. लेखक हडकुळा, सतत चष्मा पुसतो. वाचता येत नसल्याने माझी सोय अशी — नात शेजारी बसते, एकेक वाक्य माझ्या कानात सांगते, की मी ते काळफासच्या तोंडचं करून बोलते.

"आजी, यात अजून थोडं क्रौर्य आणा," चष्मेवाला म्हणाला.

म्हटलं, "डोळ्यासमोर जावई आणते."

जमलं!

१९ जानेवारी

या काळफासचं एक कळत नाही. एवढे अंक झाले, एकदाही ती पोरगी हाती लागली नाही. तरी दरवेळी कामाला हाच! मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होते तेव्हा एक चादर जळली तर मुकादमाने आठवडाभर माझी सालटी काढली होती. त्या यंत्रांच्या वर ओरडून ओरडूनच तर गळ्याचं हे असं खोकं झालं. नात रांगत होती तेव्हापासून मी अशीच घोगरी.

आता त्या खोक्याला मान आहे. कोपऱ्यावरचा शिंपी मला "काय काळफास!" म्हणतो. मी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघते.

२ फेब्रुवारी

गिळताना दुखतं म्हणून गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नाकातून नळी घातली. पडद्यावर माझा गळा मलाच दाखवला — असं दळभद्री ठिकाण मी पाहिलं नाही.

गाठ आहे. काढावी लागेल, काढून तपासावी लागेल. "आणि आवाज?" नातीने विचारलं. "राहील. कदाचित बदलेल. कदाचित जाईलही. आत्ता सांगता येत नाही. पण थांबू नका. आणि आजी, ओरडायचं बिलकूल बंद."

मी म्हटलं, "मग घरात भांडायचं कसं?"

कोणी हसलं नाही.

३ फेब्रुवारी

आज सांगायचं नाही.

६ फेब्रुवारी

भांडण. नात म्हणते या आठवड्यात ऑपरेशन. मी म्हणते शेवटचा भाग झाल्यावर, मार्चात. घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, काळफासही टाकत नाही.

"तो खोटा आहे, आजी! कागदावरचा आहे!"

इथे तिने पेन आपटलं. परत उचललं, म्हणून पुढचं सांगते.

खरं कारण वेगळंच आहे. मुकी माणसं लिहून सांगतात. ज्यांना लिहिता येत नाही ती बोलून सांगतात. माझं बोलणंच गेलं तर मी कुठून बाहेर पडू? माझी लेक, हिची आई, गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. हिने ऑफिसातून यायचं आणि भिंतीशी जेवायचं का?

लिहिलंस? नाक पूस आधी.

११ मार्च

शेवटचा भाग झाला. पण जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं.

गोष्ट अशी — उडणारी पोरगी अखेर जाळ्यात सापडते. काळफास सुरा काढतो. तेवढ्यात कडा ढासळतो, आणि तो किंकाळी फोडत दरीत जातो. लांबच लांब किंकाळी, चष्मेवाल्याने आधीच बजावलं होतं.

सुऱ्यापर्यंत सगळं छान झालं. लाल दिवा चालू. मी पुढच्या वाक्यासाठी कान पुढे केला. नात गप्प. मी कोपराने ढोसलं. तिने ओठ गच्च मिटले, मान हलवली. डोळे भरलेले. गळा फाटेल म्हणून ती किंकाळी नात मला देणारच नव्हती!

काचेपलीकडून दोघं बघताहेत. माझ्याकडे वाक्य नाही. मग माझ्याच पोटातून आलं, हळूच —

"जा, पोरी. उडून जा. फार वर्षं धावलो तुझ्या मागे. दमलो मी आता."

आणि काळफास व्हायला खांद्यावर घेतलेलं जाळं खाली टाकलं. ओढणी होती माझी.

चष्मेवाला दारातून आतच आला. "काळफास असं बोलूच शकत नाही!"

"अहो, तो बोलला. तुम्ही ऐकलंत ना?"

तो मला बरंच काही सुनावणार होता. दिग्दर्शक म्हणाला, "थांब जरा. परत ऐकू." परत ऐकलं. मग दोघं बाहेर जाऊन भांडत बसले. काय ठरलं माहीत नाही.

जिन्यावर नातीला म्हटलं, "झालं माझं काम. कधीची तारीख घेतेस?"

तिने तिथेच फोन लावला.

१८ मार्च

उद्या ऑपरेशन. चष्मेवाल्याने निरोप धाडला — कडा ढासळणार नाही, शेवटची पानं नव्याने काढताहेत. ता. क.: अजून रागावलो आहे.

हे माझं शेवटचं बोलणं असलं तर काहीतरी मोठं सांगायला हवं. सुचत नाही. तूप संपलंय. आणि तू केस बांधत जा, डोळ्यांत जातात.

९ एप्रिल

गाठ साधी निघाली. बोलायची बंदी आज उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीही म्हणा. म्हटलं, "काय म्हणू?"

माझीच मान मागे वळली, कोण बोललं बघायला. घोगरेपणा धुतलेला. बारीक, गोड — लाजच वाटली.

नातीकडे पाहिलं तर ती खुर्चीला धरून उभी. "आजी, परत म्हण. आई... आई अशीच बोलायची."

काय म्हणू, म्हटलं.

"काहीही. शिव्या दे. पण थांबू नकोस."