मंडपाबाहेरची पोर

बेडसे

चि. सौ. प्रेरणा,

‘सौ.’ लिवताना हात अडला. पण तू परत लगीन केलंयस, तर लिवायलाच पायजे.

काल दिगंबरच्या पुण्यतिथीला तू पांढऱ्या साडीत स्टेजवर बसलीवतीस. सरपंच माझ्या लेकाच्या शौर्यावर बोलत व्हते आन तुझी नजर सारखी फाटकाकडं. मला बसवंना. बाहेर गेलो, तर एक माणूस उन्हात तान्ही पोर घेऊन हुबा.

“मी दिगंबरचा बाप. तू कोण? आत का न्हाई आलास?”

“प्रेरणाचा नवरा. ही आमची मुलगी. प्रेरणा म्हणाली, आबांना वाईट वाटेल.”

मी पोरीला घेऊन सावलीत बसलो. आत सगळी दिगंबरसाठी स्तब्ध हुबी राहिली, तवाच ती मोठ्यांदा रडाया लागली. तुझा नवरा घाबरला. मी म्हणलं, “रडू दे.” शहिदाच्या घरात रडू नये म्हणत्यात, म्हणून मी आन तुझी सासू कधी मोकळं रडलोच न्हाई.

तिला तुझ्या लग्नाचं अजून सांगितलं न्हाई, म्हणून ह्ये अर्धं पत्र खिशातच फिरतंय. आज दोनदा पोस्टाच्या पेटीपतोर जाऊन आलो. सासूला आधी सांगतो, मग पत्र टाकतो. पुढल्या साली पोरीला आत आण. माझ्या मांडीवर बसंल, रडली तर रडंल.

तुझा,
आबा