निरोगी नमुना

४ मार्च

आज नळीचं झाकण उघडेना! शीतखोलीतून आले की बोटं काठीसारखी होतात. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या मास्तरांनी उघडून दिलं. "वय झालं बाई तुमचं!" स्वतः साठीला टेकलेत.

धाकटीचं, माझ्या बहिणीचं, रक्त आलंय. सहा वर्षं ल्युपस सोसतेय. "घे, माझ्या रक्ताचं काहीतरी भलं होऊ दे," म्हणाली. तुलनेला निरोगी माणूस हवा होता. म्हटलं, मी आहे की! घाईघाईत स्वतःचंही काढून घेतलं.

५ मार्च

धाकटीच्या पेशींवर ब्रेक कमी. फारच कमी.

तिला सांगताना गोंधळ नको, म्हणून लिहून ठेवते. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, शेपूट असतं. पेशींवर ते पकडणारे आकडे असतात — रिसेप्टर. बहुतेक आकडे शेपूट हाती लागलं की पेशीला म्हणतात, तुटून पड. एक जात तेवढी म्हणते, पुरे आता. तोच ब्रेक. ल्युपसमध्ये प्रतिपिंडं आपल्याच शरीरावर उठतात. अशा वेळी 'पुरे' म्हणणारेच कमी पडले, तर सांधे, मूत्रपिंडं — घरच्यांवरच हात.

माझ्या नळीत तेच आकडे भरपूर. त्यांना चिकटणारा रंग घातला, तर सगळी नळी चकाकली.

८ मार्च

सांगितलं. सांगायला नको होतं — दोन नळ्यांवरून कुणाला काही बोलायचं नाही, हा मास्तरांचा नियम. पण आईकडे जेवायला जमलो आणि आईचं पुन्हा सुरू झालं. "जागरणं केलीस, वेळेवर जेवली नाहीस. भोग आता!"

मी म्हटलं, "आई, तिचा ब्रेकच जन्मापासून कमी आहे. तिचं काही चुकलेलं नाही."

धाकटी एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "ताई, हे आधी का नाही सांगितलंस गं?"

११ मार्च

आईने तिला फोन केला म्हणे. नुसती चौकशी करायला. सहा वर्षांत पहिल्यांदा!

१४ मार्च

आज प्रयोगाची वही पुन्हा चाळली.

प्रत्येक नळीत आधी साधी प्रतिपिंडं घालायची असतात. ती आकडे अडवून ठेवतात, म्हणजे मागून घातलेल्या रंगीत प्रतिपिंडांची शेपटं भलतीकडे अडकत नाहीत. धाकटीच्या नळीपुढे त्याची खूण आहे. माझ्या नळीपुढे नाही. माझं रक्त मागाहून आलेलं, घाई — आणि निरोगीच तर आहे, तिचं काय बघायचं!

म्हणजे ती चकाकी खोटी असणार.

१६ मार्च

पुन्हा केलं. मास्तर शेजारी उभे. एकही पायरी न गाळता.

माझा ब्रेक धाकटीइतकाच कमी.

मास्तर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "म्हणून म्हणतो, सांगत सुटू नका. ब्रेक कमी म्हणजे आजार नव्हे. उतारावर उभी गाडी. सुटेलच असं नाही."

मग तिचीच का सुटली? हे ऐकून आई काय म्हणेल, मला पाठ आहे: "बघ, जागरणांनीच झालं!" धाकटीला मिळालेले आठ दिवस मीच काढून घ्यायचे? गप्प बसले तर कुणाला कळणार आहे?

मला कळणार आहे.

२० मार्च

तिच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "माझी चूक झाली. माझाही ब्रेक तुझ्याइतकाच कमी आहे." वाटलं, रडेल. नाहीतर हाकलून देईल.

ती माझ्या हातांकडे बघत होती. "कप दोन्ही हातांनी का धरलायस?"

"असाच."

"ताई, सकाळी बोटं आखडतात ना? कधीपासून?"

"शीतखोलीमुळे गं. तिथून आलं की—"

"आज रविवार आहे."

मी कप खाली ठेवला.

"मीही आधी गादीला दोष देत होते," ती म्हणाली. "आईला मी सांगते. तू उद्या डॉक्टरांना फोन कर."

२४ मार्च

दवाखान्यातला अर्ज. 'सोबत आलेली व्यक्ती' — सहा वर्षं त्या रकान्यात मी असायचे. आज पेन धरवेना. तिने माझ्या हातून ते घेतलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.