भिकनच्या नावे हातमोजे

मी, सावळीराम निवृत्ती गायधनी, वय पंचाहत्तर, माजी सैनिक व निवृत्त भट्टी कामगार, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाचंही दडपण नाही. डोकं शाबूत आहे; आजचं शब्दकोडं एकट्याने सोडवलं. उजवा कान एकाहत्तरच्या लढाईत तोफेजवळ गेला, पण लिहायला कान लागत नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी सौ. वत्सला हिची, तिच्या पश्चात मुलगा रविराज याची. तोवर त्याने स्वयंपाकघराची फरशी बदलायचं नाव काढू नये.

२. पाने, पक्कड, हातोडी मुलगी उज्वला हिला. जावयांच्या हाती देऊ नयेत. त्यांना खिळा सरळ ठोकता येत नाही.

३. चुलतभाऊ वाल्मीक याने २००९ साली दोन दिवसांसाठी नेलेली शिडी त्यालाच देऊन टाकतो. मात्र माझ्या दहाव्याला त्याने ती आणून सगळ्यांना दाखवावी.

४. भट्टीवरचे माझे चामड्याचे हातमोजे माझ्याबरोबर काम केलेला भिकन पुंजाराम बोरसे याला द्यावेत. का, ते सांगणं भाग आहे.

भट्टीवर हातमोजे सैल घालतात. वितळलेल्या पोलादाचा थेंब आत गेला तर हात झटकून मोजा उडवता आला पाहिजे. माझे सारखे घसरायचे, म्हणून वत्सलाने मायेने मनगटाला इलॅस्टिक शिवून दिलं. मी पडलो फौजी, घट्ट बसलेलं बघून खूश झालो. १९९४ साली थेंब आत शिरला आणि मोजा काही केल्या निघेना. भिकनने उघड्या हातांनी तो ओढून काढला. माझा हात वाचला, त्याचे दोन्ही तळवे भाजले.

वत्सला दवाखान्यात आली. इलॅस्टिकचं तिच्या जिवाला लागू नये म्हणून भिकन म्हणाला, "वहिनी, मनीच चूक शे. मी घाई केली, दादांना मोजे घालू दिले नाहीत." मी गप्प बसलो. तेव्हापासून वत्सलाने त्याला घराचा उंबरा चढू दिलेला नाही. चूक माझी आणि शिक्षा त्याला, एकतीस वर्षं! लढाईत न भ्यालेला मी बायकोला भ्यालो, याची मला लाज वाटते.

५. हे माझ्यामागे वाचलं गेलं तर तिची समजूत काढायला मी नसणार. म्हणून कलम ४ आजच तिला वाचून दाखवलं. ती रडली. मग कडाडली, "अहो, माणूस आहात की कोण? त्या भल्या माणसाला मी नाही नाही ते बोलले!" आणि तशीच अनवाणी चार गल्ल्या पलीकडे गेली. भिकनला हाताला धरून घेऊन आली.

६. दुसरा साक्षीदार म्हणून भिकन सहीला बसला, पण वकीलबाई फोनवर म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. भिकन म्हणतो, "मग मोजे राहू द्या दादा, मला या घरात बसून सही करायचीय." ऐकेचना. सबब कलम ४ मधली देणगी रद्द. हातमोज्यांचं काय करायचं ते वत्सलाने ठरवावं.

ठिकाण: सिडको, नाशिक
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५
लिहून ठेवणार: सावळीराम निवृत्ती गायधनी (सही)

साक्षीदार:
१. तृप्ती दत्तू शिरसाठ, शेजारी (सही)
२. भिकन पुंजाराम बोरसे (सही). दादांनी माझ्यासमोर सही केली. वहिनी ताट वाढून थांबल्यात, म्हणून एवढंच लिहितो.