काजलच्या लग्नातला उलटा पंखा

सेलू, मार्च २००४

तीर्थरूप मामांना रुचिकाचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींनी पाठवलेलं लोणचं पोचलं आणि संपलं.

इकडे सगळे खुशाल आहेत. नव्हते, ते काजलच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, लग्नाआधी. आणि त्याला कारण मी. तुम्हाला माहीतच आहे, कैलासने (सासूबाई पत्र वाचत नाहीत, म्हणून नवऱ्याचं नाव घेते) वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आणलं. मी कॉम्प्युटरवर चित्र काढायचं. मग सॉफ्टवेअर ठरवतं, कटर कुठून शिरेल, कुठे वळेल, किती खोल जाईल. आणि त्या हुकमांप्रमाणे मशीन निमूट कापत जातं. सासऱ्यांना, रूपरावांना, हे निमूटपण पटत नव्हतं. त्यांचा जन्म हाताने चालवायच्या लेथवर गेलेला. "ज्याच्यावर मानसाचा हातच नाई, थे चुकलं त बोलू कोनाले?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. (उत्तर लवकरच मिळालं. मला.)

ऐन लग्नाच्या आठवड्यात विहिरीवरच्या पंपातला पितळी पंखा तुटला. पाणी फेकतो तो. पंप इतका जुना, की त्याचा सुटा भाग नागपुरातही मिळेना. मांडव पडलेला, पाहुणे उतरू लागलेले. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, मी करते." ते म्हणाले, "कर. नाई जमलं त हे मशीन वापस." कैलासच्या घशात चहा अडकला.

मी तुटक्या पंख्याच्या पात्यांना शाई लावून कागदावर ठसा घेतला, त्यावरून कॉम्प्युटरवर चित्र काढलं, कटर आधी पडद्यावर फिरवून पाहिलं (खरं कापायच्या आधी खोटं कापून दाखवतं ते, फार गोड दिसतं). मग पितळेचा ठोकळा मशीनवर बांधला. असा देखणा पंखा निघाला, की सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. पंप सुरू केला. मोटार गुरगुरली, तापली, आणि पाणी आलं ते कोणी चूळ टाकावी तेवढं. कैलास म्हणाला, मोटार उलटी फिरवू. वायरी बदलल्या. तशी स्क्रूसारखा आट्यांवर बसवलेला पंखा उलट फिरण्याने सुटला आणि आत असा खडखडला, की वाजंत्रीवाले वाजवायचं सोडून बघायला आले.

सासऱ्यांनी पंप बंद केला आणि सुटलेला पंखा काढून माझ्या हातात ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी वर्कशॉपमध्ये जुना तुकडा एका हातात आणि नवा पंखा दुसऱ्या हातात घेऊन बसले. रडायचं होतं, पण दोन्ही हात गुंतलेले. सहज दोन्ही समोरासमोर धरले, तर पात्याला पातं जुळलं, नमस्काराचे तळहात जुळतात तसं. मामा, जुळायला नको होतं! दोन्ही एकाच हाताचे, म्हणजे दोन उजव्या तळहातांसारखे, हवे होते; हे उजवा-डावा झाले होते. शाईचा ठसा उलटा उमटतो, आणि मी तो तसाच गिरवला होता. सॉफ्टवेअरने पाहिलं ते कटर कशाला धडकत नाही एवढंच. पाणी कुठे जायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, मशीन बरोबर आहे. मी चुकले."

"मंग आता सारं पुन्हा काढा लागन?"

नव्हतं लागणार. चित्राला आरसा दाखवायची एक आज्ञा असते, ती दिली. पडद्यावर पाती कूस बदलून वळली, कटरच्या वाटा नव्याने आखल्या गेल्या. सासरे स्टूल ओढून मशीनच्या काचेसमोर बसले ते उठेचनात. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "थांब न, थे वळून राह्यलं!" वायरी पूर्ववत केल्या, पंखा बसवला, पंप सुरू केला, आणि पाण्याने थेट नवरदेवाच्या काकांचा फेटा गाठला. त्यांच्याखेरीज सगळे आनंदले. काजल सुखरूप सासरी गेली.

मामींना नमस्कार.

तुमची,
रुचिका

ता. क. मशीन परत देण्याची भाषा बंद झाली. उलट सासरे दिवसभर माझ्या खुर्चीत बसतात आणि मला चहाला पाठवतात.

आणखी ता. क. त्यांना हे चित्र काढणं नीट शिकायचं आहे, आणि तसा महिन्याभराचा क्लास तुमच्याच गल्लीत आहे. हे पत्र तुमच्या हातात देणारे गृहस्थ तेच. दारातच उभे असतील. आत घ्या.

अगदी शेवटचं. वाटेत त्यांनी हे वाचू नये म्हणून चष्मा मी पिशवीतून काढून ठेवलाय. हरवला म्हणाले तर तुम्हीही थोडं शोधा. उद्या पार्सलने पाठवते.