ढम्याची आई कधी येणार?

प्रिय विजयश्री,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. चौतीस वर्षांत तुला 'अगं' सोडून दुसरी हाक मारल्याचं आठवत नाही. तू रुसून स्वरूपाकडे नाशिकला गेलीस, त्याला आज बावीस दिवस झाले. फोन तू उचलत नाहीस. लेक म्हणते, बाबा, आईला जरा वेळ द्या. म्हणून कागद घेतला.

ढम्या बरा आहे. दोन दिवस दारात बसून होता, तिसऱ्या दिवशी माझी चप्पल तोंडात धरून आला. झक मारत साखळी हातात घेतली. वाटलं, कोपऱ्यापर्यंत जायचं नि परतायचं. पण हा पठ्ठ्या मला सगळ्या काळेवाडीतून ओढत नेतो आणि ठरलेल्या ठिकाणी बसकण मारतो. तिथलं माणूस येऊन बोलल्याशिवाय हलत नाही.

पहिला थांबा चांदभाईंचं पंक्चरचं दुकान. मला पाहून म्हणाले, अरे, ढम्या आला, पण त्याची आई कुठाय? मी कोण, याची कुणाला पडलेली नाही! गडबडीत सांगून टाकलं, गावाला गेलीय, लग्न आहे. मग तेच सगळीकडे सांगत सुटलो. पुलापाशी भाजी विकणाऱ्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, लई हसवती बाई तुमची, चपाती उजेडाला धरून बघणाऱ्या नवऱ्याची नक्कल करून दावती. मी खाली बघून वांगी निवडायला लागलो. वर त्यांनी विचारलं, गुडघा लई दुखतो तिचा, गावाला कोन हाय का चोळायला? अगं, तुझा गुडघा दुखतो हे मला भाजीवालीकडून कळावं?

हिंजवडीच्या कॅबची वाट बघत उभी असते ती हीना. तिला तू सांगितलंस म्हणे, आमच्या ह्यांनी एकतीस वर्षांत एक खराब पार्ट गेटाबाहेर जाऊ दिला नाही. ऐकून माझं डोकंच चालेना. नक्कलही करतेस आणि कौतुकही सांगत फिरतेस? मग घरी गप्प का असायचीस? मी तर तुला कुणाला हसवताना कधी पाहिलेलंच नाही. ही रस्त्यावरची बाई कोण आणि माझ्या घरातली कोण, याचा मला अजून उलगडा होत नाही.

कंपनीत क्वालिटीला होतो, तपासणं हेच काम. रिटायर झालो आणि तपासायला तूच उरलीस. चपातीची कड जाड, रिजेक्ट. चहा जास्त उकळला, रिजेक्ट. मला ती गंमत वाटायची. त्या दिवशी लोणच्याच्या फोडी एकसारख्या नाहीत म्हणालो आणि तू बॅग भरलीस. दारात म्हणालीस, मी तुमच्या लाइनवरचा पार्ट नाही. तेव्हा राग आला होता. आता एकट्यानं लोणचं खाताना वाईट वाटतं. चांगल्या पार्टवर मी दिवसाला शेकड्यांनी हिरवे शिक्के मारले, पण तुझ्या एकाही गोष्टीला ओके म्हटल्याचं आठवत नाही. लोणचं फार छान झालंय गं.

काल चांदभाईंच्या बायकोनं तुझ्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली दिली आणि म्हणाली, पक्कं सांगा, ढम्याची आई येणार कधी? तोंडातून निघून गेलं, रविवारी. आज सकाळी ते सगळ्या रस्त्याला माहीत झालं होतं. रुक्मिणीबाई कोवळी मेथी बाजूला ठेवणार आहेत, हीना तर सुट्टी असून भेटायला येणार आहे. शनिवारी तुला न्यायला नाशिकला येऊ की नको, माझं मलाच कळत नाही. तू नाही म्हणालीस, तर सोमवारपासून ढम्याला दुसऱ्या रस्त्यानं न्यावं लागेल, आणि तो काही यायचा नाही. रविवारी मी खोटा पडणार आहे का, एवढंच कळव.

तुझाच,
यशवंत
(ढम्याच्या आईचा नवरा)